वरून कसं दिसते?

मागच्या उन्हाळ्यात नातवाच्या हट्टापायी नागपूरकडच्या एका मोठ्या खेळबागेत गेलो. तिकीट काढून आत शिरलं की पाण्याच्या घसरगुंड्या, आगगाडी, गिरक्या घेणाऱ्या होड्या, सगळंच. नातू रांगेत उभा राहिला आणि मी जुन्या सवयीने यंत्राकडे बघत बसलो. तिथला आकाशपाळणा बटणावर चालतो. चालवणारा पोरगा खुर्चीत बसून मोबाइल बघत होता आणि पाळणा आपला फिरत होता. मला त्याचा हेवा वाटला आणि थोडी कीवही आली.

पाळण्याच्या दारात पाटी होती. अमुक उंचीच्या खालच्यांनी बसू नये, हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये, गरोदर बायकांनी बसू नये, आणि सगळ्यात खाली, अपंग व्यक्तींनी बसू नये. पाटी लिहिणाऱ्यावर मला राग आला, हे खरं. पण त्याच्या पोटातली भीती मला परकी नाही. मी स्वतः जत्रेतला आकाशपाळणा चालवलेला माणूस आहे. आमच्याकडे पाटी नव्हती, तरी नियम होता, आणि त्या नियमाशी एका बापाने कशी झुंज दिली ते मी जवळून बघितलं. तेच सांगायला बसलो आहे.

मी बल्लारपूरचा. वडील पेपर मिलमध्ये होते. मी आयटीआयचा फिटर झालो तेव्हा घरच्यांनी धरूनच चाललं होतं की मीही मिलच्या भोंग्यावर उठणार. त्याच सुमारास सिरोंचाकडचे एक पाळणेवाले आमच्या गावात उतरले होते. त्यांच्या इंजिनात काही बिघाड झाला, मी गंमत म्हणून दुरुस्त करून दिला, आणि त्यांच्याबरोबर निघून गेलो. आई शेजारणींना सांगायची, "लोकाइचे पोरं नोकरीले लागले, आमचा झुल्याले लागला." हे वाक्य तिने माझं लग्न होईपर्यंत पुरवलं.

मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. घरी तेलुगू, बाहेर मोडकीतोडकी मराठी आणि हिंदी. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडया, म्हणजे छोट्या जत्रा, भरतात, रात्री नाटकं होतात, तिथून आमचा हंगाम सुरू व्हायचा. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, वैनगंगेच्या काठाला. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा. पावसाळा लागला की पाळणा सुटा करून ताडपत्रीखाली आणि आम्ही आपापल्या घरी.

आता थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आकाशपाळण्याला बसायच्या ज्या पेट्या लटकवलेल्या असतात त्यांना आम्ही डोली म्हणायचो. एका डोलीत समोरासमोर दोन बाकं, मधे पाय ठेवायला जागा, बाजूला पत्रा आणि पुढ्यात धरायला लोखंडी दांडा. लोकांना वाटतं पाळणा इंजिन फिरवतं. इंजिन फक्त ढकलतं. पाळणा फिरतो तो भार नीट लावल्यामुळे. एका डोलीत माणसं बसवली की चाक अर्धं फिरवायचं आणि बरोबर समोरच्या डोलीत तेवढ्याच वजनाची माणसं बसवायची. एकाच बाजूला गर्दी केली तर ती बाजू आपसूक खाली येते, पट्टा घसरतो आणि ब्रेकवाल्याचे हात भरून येतात.

आता हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार? वरातीतले लोक आले की सगळ्यांना लागून लागूनच्या डोल्या हव्यात. मी पांगवून बसवलं की भांडण. एकदा एका मंडईत नवराबायको भांडून आले होते. बायको म्हणाली, मी यांच्यासोबत बसणार नाही. मी भार बघून नवऱ्याला बरोबर तिच्या समोरच्या डोलीत टाकलं. समोरासमोरच्या डोल्या कितीही फिरल्या तरी जवळ येत नाहीत. तो बिचारा वर गेला की खाली बघून माफी मागायचा, खाली आला की मान वर करून मागायचा. सगळी मंडई हसत होती. उतरल्यावर बाईने त्याला भजी खाऊ घातली.

आणखी एकदा भरल्या पाळण्याचा पट्टाच तुटला. सगळ्यात वरच्या डोलीत नेमके एक फौजदार साहेब. ते वरून आधी हुकूम सोडत होते. आम्ही दोर बांधून, चाकाचे आरे हातांनी ओढत, एक इकडची एक तिकडची अशी डोली रिकामी करत होतो. अर्ध्या डोल्या उतरल्या तेव्हा हुकमाची विनंती झाली, आणि त्यांची डोली टेकायला आली तेव्हा ते मला भाऊ म्हणत होते.

तर नियम. अण्णांचा नियम एकच, जो दांडा धरू शकत नाही तो बसणार नाही. त्यांनी तरुणपणी दुसऱ्या कोणाच्या पाळण्यावरून एक मूल पडलेलं बघितलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. पण कडेवरचं पोर घेऊन कोणी आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. नियम योग्यच होता, तेव्हाही आणि आजही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मार्कंड्याच्या जत्रेत दुपारी एक माणूस कावड घेऊन आला. आमच्याकडे कावडीने धान वाहतात, पाणी वाहतात, त्यात नवल काही नाही. पण याच्या कावडीच्या एका टोपलीत नऊ-दहा वर्षांची मुलगी होती आणि दुसऱ्या टोपलीत एक मोठा गोटा. माणूस वाळकुडा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, गुडघ्यापर्यंत धूळ. कावड त्याने इतकी हळू टेकवली की मुलीच्या टोपलीचा आवाजही झाला नाही.

बिसन त्याचं नाव. चामोर्शीच्या पुढे जंगलाच्या कडेला गाव. धान संपलं की मिलसाठी बांबू तोडायला जायचा. मुलीचं नाव शेवंता. ती जन्मापासूनच तशी होती. मान डळमळायची, बसवली तर पाठ टिकायची नाही, हात मनाविरुद्ध कुठेही जायचे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. बोलणं फार सावकाश, एकेक शब्द ओढून आणावा तसं. पण वाक्य पुरं केल्याशिवाय सोडायची नाही, आणि तुम्ही मधेच बोललात तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"मिस्त्री, पोट्टीले झुल्यात बसवा," बिसन म्हणाला.

मी मुलीकडे बघितलं. "भाऊ, हिला दांडा धरता येते का?"

"नाई येत."

"मग नाई बसवता येत."

तो हुज्जत घालेल असं मला वाटलं होतं. त्याने घातली नाही. मुलगीच बोलायला लागली. टोपलीत उताणी पडून ती फिरणाऱ्या पाळण्याकडे बघत होती. तिचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, तोवर मागच्या रांगेतले दोघंतिघं ओरडले. वाक्य असं होतं, "वरून कसं दिसते?"

मी म्हटलं, "मस्त दिसते. नदी दिसते, देऊळ दिसते."

"तसं नाई," ती म्हणाली. "माणसं कसे दिसतेत?"

इतकी वर्षं पाळण्यावर काढून मी माणसं वरून कशी दिसतात ते बघितलंच नव्हतं. वर गेलो तर नटबोल्ट बघायला.

बिसन म्हणाला, "ते निजूनच राह्यते न जी. घरी खाटेवर, बाहेर टोपल्यात. तिनं सगळ्याइले खालूनच पाह्यलं हाये." मग तो जरा हसला. "गावातल्या समद्याइच्या नाकातले केस तिले ठाऊक हायेत."

तेवढ्यात काय चाललंय बघायला अण्णा आले आणि टोपलीवर वाकले. शेवंताने त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि सांगितलं, "तुमच्या हनुवटीखाली तीळ हाये. काळा. केस बी हाये त्याले." अण्णांनी हनुवटी चाचपली. साठीच्या माणसाला आपला हा तीळ माहीत नव्हता. ते हसले, पण नाही म्हणाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, पोरगी हुशार है. पण गिरी तो? मी नाही बघू शकत दुबारा."

बिसनने ते ऐकलं असावं. तो माझ्याकडे आला आणि विचारलं, "तिले दांडा धरता येत नाई, बराबर हाये. दांड्यानंच तिले धरलं तं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी सांगा, काय काय व्हाले नाई पायजे."

मी सांगितलं. ती दांड्याखालून घसरली नाही पाहिजे. डोकं मागे आपटलं नाही पाहिजे. हात डोलीच्या बाहेर गेला नाही पाहिजे, शेजारून लोखंडी आरे जातात. त्याने रिकामी डोली मागितली आणि वितीने मापं घेतली. बाक, दांडा, पाय ठेवायची जागा. प्रत्येक माप तोंडाने पुटपुटत होता. मग विचारलं, "आता तुमचा झुला कुठी जाते?"

"चैतात चांद्याले. महाकालीच्या यात्रेत."

"येतो," म्हणाला आणि कावड उचलली. मी ते फार मनावर घेतलं नाही. येतो म्हणणारी माणसं आम्हाला रोज भेटायची.

चैत्रात चंद्रपूरला झरपट नदीच्या काठी पाळणा उभा केला. मराठवाड्याकडून भाविकांचे जथे येत होते, पोतराजांचे ढोल, हळदीकुंकवाचे ढीग, आणि ऊन असं की सकाळी नऊनंतर लोखंडाला हात लावता येत नव्हता. एका सकाळी मी आऱ्यांना ग्रीस लावत होतो. खाली बघतो तर बिसन उभा. कावडीत शेवंता, दुसऱ्या टोपलीत गोटा, आणि गोट्यावर बांबूची एक बैठक. एसटीत बैठक टपावर टाकली, कावड मधे उभी केली, पोरगी मांडीवर घेतली, आणि गोट्याचंही तिकीट काढायचं का म्हणून कंडक्टरने थट्टा केली, हे त्याने मला कौतुकाने सांगितलं.

मी विचारलं, "गोटा काऊन आणला एवढ्या दूर? इथं नसते भेटला?"

"तिच्याच वजनाचा हाये. दरसाल नवा पाहा लागते, मोठा. जुने अंगणात हायेत, मोहाच्या झाडाखाली. एकापेक्षा एक मोठा." त्याच्या आवाजात अभिमान होता. मला एकदम त्या गोट्यांची रांग डोळ्यापुढे दिसली. पोर वाढत असल्याची खूण त्या घरात अशी ठेवलेली होती.

बैठक बघून मी थक्क झालो. पाठीला उंच टेका, दोन्ही बाजूंनी डोक्याला आधार, मांड्यांच्या मधे एक गोल दांडी, म्हणजे ती खाली घसरणार नाही आणि पायही एकमेकांवर चढणार नाहीत. एकही कुसळ बोचत नव्हतं. सगळी गाठ सुतळीची. फक्त एक गोष्ट विचित्र होती. बैठकीला पाय नव्हते. वरून चार दोऱ्या होत्या.

"हे टांगाची हाये," बिसन म्हणाला. "डोलीच्या वरच्या दांड्याले."

त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. इतकी वर्षं त्याने मुलीला कावडीला टांगून नेलं होतं. नाला, चिखल, शेताच्या धुऱ्याची चढण, ती कधी सांडली नव्हती. टांगलेली वस्तू सांडत नाही, हे त्याच्या खांद्याला माहीत होतं. मलाही त्या वेळी ते पटलं. आम्ही बैठक टांगली, तिच्यात शेवंताच्या जागी गोटा बांधला, समोरच्या डोलीत वाळूची पोती ठेवली आणि अण्णा यायच्या आत इंजिन सुरू केलं.

पहिला फेरा ठीक गेला. दुसऱ्यात बैठक झुलायला लागली. डोली स्वतःच टांगलेली, तिच्या आत आणखी एक टांगलेलं. डोली पुढे गेली की बैठक मागे, आणि दर फेऱ्याला झोका वाढतच चालला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला गोटा असा काही पत्र्यावर आदळला की नदीपलीकडचे लोक बघायला लागले. कावडीखाली माणसाचे गुडघे असतात, ते झोका खाऊन टाकतात. लोखंडाला गुडघे नसतात.

मी इंजिन बंद केलं. पत्र्याला खळगा पडला होता. बिसन त्या खळग्याकडे बघत उभा राहिला. तिथे शेवंताचं डोकं असतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. टोपलीतून तीच म्हणाली, "गोट्याले लागलं का?"

बिसनने विळा काढून चारही दोऱ्या कापून टाकल्या. "आता खाली बसवू. मजबूत."

दोन बाकांच्या मधे, पाय ठेवायच्या जागी, आम्ही बैठक अगदी तळाला बसवली. बांबूच्या आडव्या काठ्या बाकांखालून घालून आवळली. गोटा बांधून पुन्हा पाळणा फिरवला. हलली नाही. मला वाटलं काम झालं. बिसन मात्र डोलीत गुडघ्यावर बसला, मान वाकवून आपलं डोकं बैठकीच्या टेक्याला लावलं आणि तसाच राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, हितून तं आभाळच दिसते."

तो बरोबर होता. बाजूला पत्रा. खाली बसवली की पोरगी सुरक्षित, पण पत्र्याआड. वर उचलली की दिसेल, पण डोलेल. एवढं जंगल तुडवून यायचं आणि पुन्हा उताणं आभाळच बघायचं, तर खाट काय वाईट होती? मी म्हटलं, भाऊ, वारा लागेल, फेरा घेतल्यासारखं वाटेल, पहिल्यांदा एवढं पुरे. तो माझ्यावर चिडला नाही. फक्त म्हणाला, "हवा खाले नाई आलो जी आमी."

उपाय मलाच सुचला, पण तो सांगायला जीभ उचलेना. पत्रा काढायचा. पत्रा बोल्टांवरच असतो, पण त्या पत्र्यावर मोर होता. अण्णांनी त्याच वर्षी पेंटरकडून सगळ्या डोल्यांवर पक्षी काढून घेतले होते आणि मोर त्यांचा लाडका. त्यात आम्ही त्याच्या पिसाऱ्यात खळगा पाडून ठेवलेला.

अण्णा आले. खळगा बघितला, बैठक बघितली, कावड बघितली. माझ्यावर त्यांनी जे तोंड सोडलं ते अर्धं तेलुगूत होतं म्हणून बरं. बिसन हात जोडून उभा राहिला नाही. तो अण्णांना डोलीपाशी घेऊन गेला, गोटा बांधलेली बैठक दाखवली आणि म्हणाला, "तुमी हालवा. हालली तं आमी वापस जातो." अण्णांनी हलवली. दोन्ही हातांनी हलवली. मग पाय लावून ओढली. डोली हलत होती, बैठक डोलीपासून सुटत नव्हती. तेवढ्यात मी मोराचा पत्रा काढायचं बोलून टाकलं.

"मग पत्रा कशाला काढते?"

शेवंता बोलायला लागली. अण्णा थांबले. पुरं वाक्य होईपर्यंत थांबले, हे मी आवर्जून सांगतो. "तुमच्या डोस्क्यावर काय हाये, ते मले पाहाचं हाये."

अण्णांनी नकळत हनुवटीखालचा तीळ चाचपला. मग मला म्हणाले, "मोर संभालके निकाल."

पत्र्याच्या जागी बिसनने बांबूची जाळी विणली. चिंचेखाली बसून दुपारभर कामट्या काढत होता. जाळीचे डोळे एवढे मोठे ठेवले की दिसेल, पण हात बाहेर जाणार नाही. मी त्याला म्हटलं, उद्या पहाटे, गर्दी नसताना फिरवू, शांतपणे. हे अण्णांनाही पसंत होतं. शेवंताने मान हलवली. तिची मान तशीही हलायचीच, पण नाही म्हणतानाची वेगळी असायची.

"रिकामं काय पाहू?" ती म्हणाली. "लोकं पायजेत."

तेव्हा ठरलं की दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर, भरल्या यात्रेत.

एक अडचण उरली होती. डोलीत तिच्यासोबत कोण? बापच, दुसरं कोण. म्हणून सकाळी बिसनला एकट्याला बसवून दोन फेरे दिले. उतरला तो थेट नदीकडे धावला आणि ओकला. चेहरा पिवळा पडलेला. तोंड धुऊन आला आणि पुन्हा बसतो म्हणाला. पुन्हा ओकला. तिसऱ्यांदा बसायला निघाला तेव्हा मीच दंडाला धरलं. "भाऊ, तुम्हाले गरगरलं तं तिले कोण धरंल? मी बसतो." त्याला ते फार लागलं. मग मला बाजूला बसवून त्याने शिकवायला सुरुवात केली. ती भ्याली किंवा खूश झाली की अंग लाकडासारखं ताठ होते. तेव्हा दाबायचं नाही. दाबलं की आणखी ताठते. गुडघे मोडायचे, पोटाकडे न्यायचे, मग अंग आपोआप सुटते. मी ते तीन-चारदा करून दाखवलं तेव्हा त्याने मान डोलावली.

संध्याकाळी शेवंताला बैठकीत बसवली. छातीला बांधायला चामड्याचा पट्टा आणला होता, तो तिला काचायला लागला. बिसनने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि त्याने तिला बांधली. मी समोर बसलो, तिचे गुडघे माझ्या हातांशी. इंजिनावर अण्णा स्वतः उभे राहिले. ब्रेकचा दांडा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिला नाही.

रांगेत कुजबुज झालीच. एक बाई म्हणाली, असं लेकरू वर कशाले नेता, देवीच्या पायाशी ठेवा. बिसन तिला म्हणाला, "देवीले काल भेटलो बाई. आज झुल्याची पाळी हाये."

चाक हललं. पहिली चढण चढताना तिचे डोळे मिटले आणि अंग ताठ झालं. बांबू करकरला. खाली अण्णा माझ्याकडे बघत होते. शिट्टी माझ्या तोंडात होती, वाजवली असती तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं असतं. मी गुडघे मोडले. सुटेना. पुन्हा मोडले, पोटाकडे नेले, आणि मला भीती वाटत होती ती मी लपवली नाही, तिला म्हटलं, "शेवंता, मीही भितो आहे, आपण दोघंही श्वास सोडू." आम्ही उतरणीला लागलो, आणि खाली यायच्या आत तिचं अंग हळूहळू सैल पडलं. डोळे उघडले. जाळीतून आधी माणसांचे पाय दिसले असतील, मग पोटं, मग आम्ही पुन्हा वर चढायला लागलो.

तीन-चार फेरे झाल्यावर अण्णांनी वेग कमी केला. माणसं उतरवताना पाळणा एकेका डोलीला थांबतो. आमची डोली बरोबर माथ्यावर आली आणि थांबली. हे भारामुळे झालं की अण्णांनी मुद्दाम केलं, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पलीकडे शहराचा परकोट, म्हणजे जुना तट, देवळाचं शिखर, दूरवर वीज केंद्राच्या तेव्हा नव्या असलेल्या चिमण्या. मी तिला ते दाखवायला गेलो. तिला त्यातलं काहीच नको होतं. ती सरळ खाली बघत होती. टोप्या, पदर, फेटे, वेण्या, टोपल्या, पोतराजाचे मोकळे केस. खालून कधीच न दिसणारी माणसाची सगळी बाजू तिच्यासमोर पसरली होती. मीही तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. वरून माणसाला चेहरा नसतो, नुसतं डोकं आणि दोन खांदे असतात, आणि कोण श्रीमंत कोण गरीब ते फारसं कळत नाही.

आणि ती हसायला लागली. असं हसली की मी गुडघे धरायला गेलो, पण अंग ताठ झालं नाही. हसत हसत शब्द ओढत होती.

"बाबाच्या डोस्क्यावर... केसच नाईत. मधात. वाटीएवढं... चमकून राह्यलं."

मी वाकून बघितलं. दुपट्टा मुलीला बांधलेला, बिसन उघड्या डोक्याने इंजिनाशेजारी उभा. टाळूवर गोल, वाटीएवढं टक्कल, कलत्या उन्हात लखलखत होतं.

खाली आल्यावर तिने त्याला ते सांगितलं. त्याने हात वर नेऊन चाचपलं. "कवापासून?" त्याने मला विचारलं. "मले कोनी सांगतलंच नाई." मग बाप आणि लेक हसत सुटले. अण्णा इंजिनाकडे तोंड करून उभे होते, तेल बघतो आहे असं दाखवत.

अण्णांनी मोर परत लावला नाही. ती जाळीची डोली पुढे अनेक हंगाम आमच्यासोबत फिरली. पोलिओ झालेली मुलं, कुबड्यांवरची मुलं, एक आंधळी म्हातारी, कोण कोण बसलं. नियम तोच होता, जो दांडा धरू शकत नाही तो बसणार नाही. फक्त आता आम्ही आधी दांडा त्याला धरू शकतो का ते बघायचो. पुढे अण्णा थकले, पाळणा विकला गेला, मी बल्लारपूरला वेल्डिंगचं दुकान टाकलं. घेणाऱ्याने जाळी काढून पत्रा लावला असं ऐकलं. ती डोली मी मागून घ्यायला हवी होती, असं अजून वाटतं. बिसनचं कुटुंब नंतर कुठे गेलं ते मला कळलं नाही. खेळबागेतली ती पाटी वाचताना मला त्यांचीच आठवण आली, आणि त्यातही त्या संध्याकाळची नाही, त्याच्या पुढच्या वर्षीची.

पुढच्या चैत्रात ते पुन्हा आले. नवा गोटा, आधीच्यापेक्षा मोठा. दुपारचे चार वाजले होते, चांद्याचं ऊन भट्टी पेटल्यासारखं. मी शेवंताला बैठकीत बसवली. छातीला बांधायला घरून लुगड्याची पट्टी शिवून आणली होती, मऊ. बिसनचा दुपट्टा खांद्यावर पडलेला आणि डोकं उघडं. मी म्हटलं, "भाऊ, डोस्क्याले बांधा, ऊन लागंल."

"नाई जमत," तो म्हणाला. "तिनं मना केलं हाये. एवढ्या लोकाइत तिले मी वरून दिसलो पायजे न."

तो चालत जाऊन इंजिनाशेजारी, गेल्या वर्षीच्याच जागी उभा राहिला आणि मान खाली घातली, म्हणजे टाळू बरोबर वर येईल. मी समोर बसलो, अण्णांनी चाक हलवलं. माथ्यावर पोचलो तेव्हा खाली हजार डोकी होती. शेवंता बराच वेळ शोधत होती. मग तिने एक बोट, फार कष्टाने, जाळीच्या डोळ्यातून बाहेर काढलं.

"सापडला," ती म्हणाली.